सुटे भाग

मोघ्यांच्या सायकलीला जपानी सोडून काही चालत नाही.
एकदा बाटलीचा पिंजरा तैवानचा निघाला
तर घसा कोरडा ठेवून खडकवासल्याला जाऊन आले,
असं तेच सांगतात, कौतुकानं.

तांबोळी सरांचं सगळं इटलीचं.
गिअरचा आवाज मला ऐकवायचा म्हणून
भर दुपारी शटर अर्धं खाली ओढायला लावतात.
"ऐक, लिंबाजी. हा खटका.
जपानी नुसता बदलतो.
हा बदलल्याचं सांगतो."
मोघे म्हणतात, "सांगायचं कशाला? काम करावं, गप्प बसावं."
आणि गप्प बसण्यावर अर्धा तास बोलतात.

नाना पेठेत माझं दुकान, सहा बाय नऊ.
वडील बसायचे तेव्हा
चेन पडली की चेन चढवायची, दहा पैसे.
चेनला आडनाव नव्हतं.
आता नवं गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारतं,
तुम्ही कुणाकडचे?
जसं मांडवात विचारतात,
मुलाकडचे की मुलीकडचे.
मी हात दाखवतो.
ग्रीसकडचा.

रविवारी पहाटे दोघं सिंहगडाला निघतात.
गोळेवाडीपर्यंत शब्द नाही,
मग बोलतात ते फक्त दातांवर.
मागे किती लावलेत? चौतीस?
चढ काय आता झोपून चढणार?
तोंडात बत्तीस उरले नाहीत दोघांच्याही.

मार्चात बोपदेव घाटात, दुसऱ्या वळणावर,
मोघ्यांची चेन तुटली.
उन्हात उभे राहिले, चेन हातात,
मेलेला साप धरावा तशी.
सर वर पोचले होते. वळून खाली आले.
खोगिराखालच्या पिशवीतून चेन जोडायची कडी काढली,
काही न बोलता बसवली.
बसायला नको होती खरं तर.
बसली.

"तात्पुरती आहे," मोघे मला सोमवारी म्हणाले,
"लगेच काढून टाक."
मी पक्कड घेतली.
"राहू दे, ती बाई थांबलीय, तिचं पंक्चर आधी बघ."
एप्रिलात म्हणाले, पुढच्या सर्व्हिसिंगला.
जूनमध्ये म्हणाले, आता पाऊस.

दिवाळीच्या आत गुडघा गेला. डावा.
डॉक्टरांनी टेबलावर यादी ठेवली, कंपन्या, किंमती,
कोणता किती वर्षं टिकतो.
जपानी एकही नाही.
रात्री साडेदहाला मला फोन,
"लिंबाजी, गुडघ्यात कोण चांगलं?"
साहेब, हाडाला माझा पाना लागत नाही.
"तसं नाही रे. तू असतास तर?"
मी असतो तर दुसरा गुडघा वाचवला असता,
पण हे मी बोललो नाही.

कोणता बसवला ते मोघे सांगत नाहीत.
एवढं बोलणारा माणूस.
त्यांची मुलगी सायकल पोचवायला आली तेव्हा म्हणाली,
फॉर्मवर कंपनीच्या रकान्यात अक्षर बाबांचं नाही.
उभं, एका उंचीचं, प्रत्येक अक्षर रुळावर ठेवल्यासारखं.
तांबोळी सरांनी एकतीस वर्षं
पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवलं.

ती असंही म्हणाली की
तिसऱ्या दिवशी सर भेटायला आले,
खोलीचं दार लावून घेतलं,
पलंगाशी वाकून पट्टीजवळ कान नेला.
"खटका येतो का?"
आणि बाबा, जे नर्सशी दोन दिवस बोलले नव्हते,
म्हणाले, "येतो.
सांगतो लेकाचा."

सायकल माझ्याकडे टांगलेली आहे.
मापाची पट्टी चेनमध्ये आरपार जाते,
म्हणजे चेन ताणलीय, बदलायला हवी.
दुकान बंद करताना मी पायडल हातानं एकदा फिरवतो.
करड्या कड्या जातात, जातात,
मग ती एक, जराशी पांढरी.
नव्या चेनचं खोकं फळीवर आहे, जपानी,
बिल केलेलं.
अजून फोडलं नाही.